शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर : सिंधुदुर्गातील नद्यांचा हिशेब

(सिंधुदुर्गनगरी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

सह्याद्रीचा माथा आणि अरबी समुद्र यांच्यामधली सिंधुदुर्गाची भूमी रुंदीने फार मोठी नाही. घाटमाथ्यावर पडलेला पावसाचा थेंब साठएक किलोमीटरांच्या आतच खाडीला मिळतो. आंबोलीस वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे पाण्याचा मोठा पुरवठा डोंगरात आणि वस्ती, बाजारपेठा व शेतमळे खाली सखलात, अशी येथील रचना आहे. देशावर कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढावयास दिवस लागतात आणि ते उतरावयासही दिवस लागतात. कोकणातील पूर मात्र तासांत मोजला जातो. सकाळी शाळेत गेलेली मुले दुपारी व्हाळापलीकडे अडकून पडतात आणि संध्याकाळी त्याच व्हाळातून गुडघाभर पाण्यातून घरी येतात, हा अनुभव या जिल्ह्यात कोणाला नवा नाही.

खारेपाटणच्या बाजारपेठेत शुकनदीचे पाणी शिरणे, कुडाळ येथे भंगसाळ नदीने काठ सोडणे, बांद्याच्या आळवाडीत तेरेखोलचे पाणी दुकानांच्या पायऱ्या चढणे, निर्मला नदीवरील आंबेरीचा सखल पूल पाण्याखाली जाऊन माणगाव खोऱ्यातील गावे तुटणे, या घटना पावसाळ्याच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेरेखोल आणि तिलारी या दोन्ही खोऱ्यांनी मोठा पूर पाहिला. अशा प्रत्येक पुरानंतर गावात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, एवढे पाणी यापूर्वी कधी आले होते काय? दुसरा, पुन्हा केव्हा येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वयोवृद्धांच्या आठवणीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर कोणाच्याही आठवणीत सापडत नाही. ते हिशेबाने काढावे लागते. त्या हिशेबाची रीत कोणती, तिच्यावर विश्वास किती ठेवावा आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याचा तिच्याशी संबंध काय, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

संबंध आहे तो असा. साकवाची उंची किती धरावी, नवी शाळाखोली मळ्यात बांधावी की टेंबावर, रास्त भावाच्या दुकानाचे गोदाम कोठे असावे, घरकुलासाठी नदीकाठची जागा सुचवावी काय, या सर्व निर्णयांच्या मुळाशी पुराविषयीचा कोणता ना कोणता अंदाज असतोच. तो कागदावर मांडला तर तपासता येतो. मनातच ठेवला तर तो बहुधा शेवटच्या पुराएवढाच असतो.

आता 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग घेऊ. अभियंत्यांच्या अहवालांत तो नेहमी येतो आणि त्याच्याइतका गैरसमज पसरविणारा दुसरा शब्दप्रयोग शोधूनही सापडणार नाही. त्याचा अर्थ असा नव्हे की, यंदा असा पूर येऊन गेला म्हणजे पुढची ९९ वर्षे निर्धास्त झोपावे. नदीला पंचांग नसते. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे असा पूर. यंदा तो आला तरी पुढील वर्षीची शक्यता तेवढीच राहते. फासा टाकून एकदा सहा पडले म्हणून पुढच्या वेळी सहा पडावयाचे थांबत नाहीत, तसेच हे आहे. सांगली-कोल्हापूरने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सतरा वर्षांच्या आत पाहिले. चिपळूणने वाशिष्ठीचे रौद्र रूप २००५ च्या जुलैत पाहिले आणि २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा पाहिले. 'असा पूर आता आपल्या हयातीत नाही' असे २००५ नंतर म्हणणाऱ्यांची संख्या थोडी नसावी.

वर्षाची शक्यता लहान दिसते. पण वर्षे साचत जातात. पंचायतीची मुदत पाच वर्षांची. या पाच वर्षांत २५ वर्षांचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा १८ च्या वर आहे, म्हणजे पाच-साडेपाच सरपंचांत एकाच्या वाट्याला तो येणारच. घराचे आयुष्य ३० वर्षे धरले, तर त्या घराला २५ वर्षांचा पूर दिसण्याची शक्यता शेकडा ७१ आणि शंभर वर्षांचा पूर दिसण्याची शक्यता शेकडा २६. पूल ६० वर्षे टिकावयाचा असेल, तर शंभर वर्षांचा पूर त्याच्या आयुष्यात येण्याची शक्यता शेकडा ४५. हे गणित अवघड नाही. माध्यमिक शाळेचा विद्यार्थीही ते करू शकेल : वर्षभरात पूर न येण्याची शक्यता ०.९९, ती जितकी वर्षे तितक्या वेळा स्वतःशी गुणावी आणि आलेला गुणाकार एकातून वजा करावा. गणिताच्या शिक्षकांनी संभाव्यतेच्या धड्याला नाण्याच्या जोडीने गावच्या नदीचे हे उदाहरण द्यावयास हरकत नाही.

तथापि, एखाद्या नदीचा शंभर वर्षांचा पूर म्हणजे नेमके किती पाणी, हे ठरवावयाचे कसे? साधी रीत अशी. नदीवर एखाद्या ठिकाणी दररोज पाण्याची पातळी व विसर्ग मोजला जातो. विसर्ग म्हणजे एका सेकंदात त्या जागेवरून वाहून जाणारे घनमीटर पाणी. प्रत्येक वर्षातील सर्वांत मोठा विसर्ग तेवढा वेगळा काढावा. अशी वीस वर्षांची वीस शिखरे मिळाली की ती उतरत्या क्रमाने लावावीत. वीस वर्षांच्या यादीतील पहिल्या क्रमांकाच्या पुराला २१ वर्षांचा, दुसऱ्याला साडेदहा वर्षांचा, तिसऱ्याला सात वर्षांचा पुनरावृत्ती-काल द्यावा. वर्षांच्या संख्येत एक मिळवून क्रमांकाने भागले की झाले. हिशेब एवढा सोपा आहे, पण त्याची मर्यादाही त्याच्यातच दिसून येते. वीस वर्षांची यादी २१ वर्षांपलीकडे काहीच बोलत नाही. शंभर वर्षांचा पूर त्या यादीत नाहीच. असला तरी तो ओळखता येणार नाही, कारण पहिल्या क्रमांकावर बसलेला पूर कदाचित दोनशे वर्षांचाही असेल.

यादीच्या पलीकडे जावयाचे तर आकड्यांच्या मागे एखादा नियम आहे असे मानून चालावे लागते. हे काम ज्या गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते तो एमिल ज्युलियस गंबेल. १८९१ मध्ये म्युनिक येथे जन्मलेल्या या माणसाने पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत राजकीय हत्यांची मोजदाद केली आणि कोणत्या पक्षाच्या मारेकऱ्यांना न्यायालये किती सौम्य शिक्षा देतात हे आकड्यांनिशी मांडले. त्याची किंमत म्हणून १९३२ मध्ये हायडलबर्ग विद्यापीठातील जागा गेली. पुढे आधी फ्रान्स व नंतर अमेरिका गाठावी लागली. १९४१ मध्ये पुरांच्या पुनरावृत्ती-कालावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध आला. त्याचा विचार थोडक्यात असा की, दररोजचे आकडे एका नियमाने वागतात, परंतु प्रत्येक वर्षातील सर्वांत मोठा आकडा तेवढा निवडला तर अशा निवडक आकड्यांचा नियम वेगळा असतो. भारतातील अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत ही रीत आजही गंबेलच्याच नावाने शिकवली जाते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक नदी घ्या. वीस वर्षांच्या शिखरांची सरासरी सेकंदास ४०० घनमीटर आणि त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीची चढउताराची मोजपट्टी, १६० घनमीटर. गंबेलच्या नियमाप्रमाणे २५ वर्षांच्या पुरासाठी सरासरीत प्रमाण विचलनाची २.०४४ पट मिळवावयाची आणि १०० वर्षांच्या पुरासाठी ३.१३७ पट. उत्तरे आली ७२७ आणि ९०२ घनमीटर. येथपर्यंत सगळे नीटनेटके दिसते, आणि बहुतेक अहवाल येथेच थांबतात. परंतु त्याच गणिताचा पुढचा भाग केला म्हणजे दिसते की, वीसच वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या या ९०२ ला पुढेमागे सुमारे २८० ची चूक चिकटलेली आहे. खरा आकडा ६२० पासून ११८० पर्यंत कोठेही असू शकतो. आणि त्याबाहेर असण्याचीही शेकडा पाच शक्यता उरतेच. ही चूक निम्म्यावर आणावयाची तर नोंदी चौपट, म्हणजे ८० वर्षांच्या हव्यात. ९०२ हा आकडा लिहिणाऱ्याने चुकीचे काही लिहिलेले नसते. त्याने अर्धेच लिहिलेले असते.

ऐंशी वर्षांच्या नोंदी आणावयाच्या कोठून? सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. पुढे हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. पाऊस मोजण्याची परंपरा जुनी आहे. तालुक्याच्या ठिकाणी पर्जन्यमापक आहेत, वेंगुर्ल्यास भारतीय हवामान विभागाची वेधशाळा आहे, अलीकडे महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रे आली. नद्यांचे तसे नाही. पाणी मोजणे हे पाऊस मोजण्यापेक्षा खर्चाचे व जिकिरीचे काम. ऐन पुरात तर जिवावर बेतणारे. त्यामुळे मोजल्या जाणाऱ्या नद्या थोड्या आणि मोजणी नसलेले व्हाळ असंख्य. ज्या साकवाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आहे, त्याच्याखालच्या व्हाळाचा एकाही वर्षाचा विसर्ग कोणत्याच कार्यालयात नसतो.

अशा वेळी शेजाऱ्याकडून उसने घेण्याची रीत आहे, आणि तीच प्रादेशिक पूर-वारंवारतेची पद्धत होय. महसूल आणि कृषी खात्यांतील मंडळींना ती परकी वाटू नये. पीक कापणी प्रयोगात गावातील प्रत्येक शेत कापून तोलत नाहीत. सारख्या जमिनीच्या निवडक शेतांतील ठरावीक क्षेत्र कापून तोलतात आणि त्यावरून सगळ्या मंडळाचा उतारा ठरवितात. नद्यांचेही तसेच करावयाचे. ज्यांचा पाऊस, उतार, माती व झाडोरा सारखा आहे अशा नद्यांचा एक गट करावा. प्रत्येक नदीचे वार्षिक शिखर तिच्या स्वतःच्या सरासरीने भागावे. मोठ्या नदीचा ८०० आणि लहान नदीचा ८० हे दोन्ही पूर आपापल्या सरासरीच्या दुप्पट असतील, तर भागाकारानंतर दोघांचीही नोंद एकच होते : दोन. आकाराचा भेद गळून पडतो आणि सगळ्या नद्यांच्या नोंदी एका राशीत घालता येतात. बारा ठिकाणांच्या प्रत्येकी २५ वर्षांच्या नोंदी मिळाल्या तर ३०० नोंदींची रास हाती येते. तिच्यावरून गटाची एक समाईक वक्ररेषा काढावी : दहा वर्षांचा पूर सरासरीच्या किती पट, शंभर वर्षांचा किती पट. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने डॅलरिंपल यांच्या नावे ही रीत १९६० मध्ये प्रसिद्ध केली. ब्रिटनने १९७५ च्या आपल्या मोठ्या पूर-अभ्यासात ती स्वीकारली. १९९७ मध्ये हॉस्किंग व वॉलिस यांनी, एखाददुसऱ्या विक्षिप्त आकड्याने डळमळणार नाही असा नवा गणिती पाया तिला दिला. रुडकी येथील राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने याच पायावर भारतातील अनेक प्रदेशांचे अभ्यास केले आहेत.

मोजणी नसलेल्या व्हाळासाठी आता एकच आकडा हवा : त्याच्या वार्षिक शिखरांची सरासरी. तो पाणलोट क्षेत्र, पाऊस व उतार यांच्यावरून अंदाजतात. समजा तो १२० घनमीटर आला आणि गटाच्या रेषेने शंभर वर्षांचा पूर सरासरीच्या सव्वादोन पट सांगितला, तर उत्तर २७०. ही रीत उपयोगी खरीच, पण तिच्यात जादू काही नाही. तीनशे नोंदी म्हणजे तीनशे वर्षांचा अनुभव नव्हे. एकच ढगांचा पट्टा कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या तिन्ही तालुक्यांवर एकाच रात्री कोसळतो आणि तीन नद्यांची वर्षातील शिखरे एकाच तारखेला लागतात. त्या तीन नोंदी वस्तुतः एकाच पावसाच्या तीन प्रती असतात. शिवाय सरासरीचा अंदाज चुकला तर पुढचे सारे त्याच प्रमाणात चुकते.

सर्वांत नाजूक काम गट पाडण्याचे. नकाशावर जवळ असलेली नदी सोयरी असेलच असे नाही. गगनबावडा किंवा राधानगरी वैभववाडी-कणकवलीपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण त्यांचे पाणी पूर्वेला वळून संथपणे शेकडो किलोमीटर जाते. त्या नद्यांच्या नोंदी गडनदीच्या राशीत मिसळणे म्हणजे वरकस जमिनीचा उतारा मळ्याला लावणे होय. उलट रत्नागिरी-रायगडच्या पश्चिमवाहिनी नद्या व गोव्यातील नद्या या दूर असूनही जवळच्या. तेरेखोल आणि तिलारी तर गोव्यातच उतरतात. तिलारीला तेथे शापोरा म्हणतात. नदी हद्द ओलांडताना नाव बदलते, पूर बदलत नाही; म्हणून दोन राज्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावाचून या खोऱ्यांचा हिशेब पुरा होत नाही.

जवळच्या जवळही किती फरक पडू शकतो याचे बोलके उदाहरण २६ जुलै २००५ चे आहे. त्या दिवशीच्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातील कुलाब्यास केवळ ७३. एकट्या कुलाब्याच्या वहीवरून मुंबईच्या पुराचा अंदाज करणाऱ्याला त्या दिवशी काहीच विशेष घडलेले दिसले नसते.

खाडीकाठच्या गावांना आणखी एक बाब ध्यानी घ्यावी लागते. गडनदी कालावलच्या खाडीला आणि कर्ली देवबागजवळ समुद्राला मिळते. तेथे पाणी किती उंच चढते हे केवळ नदीच्या विसर्गावर ठरत नाही; अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती आणि डोंगरातला लोंढा एकाच वेळी भेटले तर कमी विसर्गातही पाणी मळ्यात चढते. म्हणून अशा ठिकाणी पातळीच्या नोंदीवरून सरळ विसर्ग काढता येत नाही. मे महिन्यातील चक्रीवादळाचा पाऊस हाही निराळ्या जातीचा. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळ या किनाऱ्याजवळून गेले. त्या पावसाची नोंद मोसमी पावसाच्या राशीत निमूटपणे मिसळून टाकणे शास्त्राला धरून होत नाही.

आपल्याकडे या कामाची सुरुवात पुलांच्या गरजेतून झाली. १९५७ मध्ये डॉ. ए. एन. खोसला यांच्या अध्यक्षतेखाली अभियंत्यांची समिती नेमली गेली. १९५९ च्या तिच्या अहवालानंतर देशाचे ७ विभाग आणि २६ जलवायवीय उपविभाग पाडण्यात आले. केंद्रीय जल आयोग, रेल्वेची संशोधन संस्था, हवामान विभाग आणि भूपृष्ठ वाहतूक मंत्रालय या चौघांनी मिळून एकेका उपविभागाचे पूर-अंदाज अहवाल तयार केले. कोकण किनारा हा उपविभाग ५-अ आणि मलबार किनारा ५-ब. या दोहोंचा एकत्रित अहवाल १९९२ चा आहे. नद्यांच्या नोंदी तोकड्या आणि पावसाच्या लांब, हे ओळखून त्यात २५, ५० व १०० वर्षांचा पाऊस आधी ठरविला जातो आणि पाणलोटाची लांबी, उतार, क्षेत्रफळ यांवरून त्या पावसाचा पूर काढला जातो. या उपविभागांची आखणी करताना कोणी जिल्ह्यांच्या सीमा पाहिल्या नाहीत, हे योग्यच झाले.

त्यापूर्वी जुन्या मुंबई इलाख्यात इंग्लिस यांचे सूत्र चालत असे, आणि अजूनही पडताळ्यासाठी ते वापरतात. खडकवासल्याच्या संशोधन केंद्राशी निगडित असलेल्या सर क्लॉड इंग्लिस यांनी पश्चिम घाटातील पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी ते बसविले. क्षेत्रफळाला १२४ ने गुणावे आणि क्षेत्रफळात १०.४ मिळवून त्याच्या वर्गमुळाने भागावे. १०० चौरस किलोमीटरला सुमारे ११८० घनमीटर येतात आणि ४०० ला सुमारे २४५०. क्षेत्र चौपट झाले की पूर दुपटीने वाढतो. सूत्र धाडसी आहे व सुरक्षिततेच्या बाजूला झुकणारे आहे. परंतु हा पूर किती वर्षांतून एकदा, या प्रश्नावर ते मौन पाळते.

लहान व्हाळांचा हिशेब त्याहूनही सरळ आहे, आणि तो प्रत्येक पंचायत सदस्याने एकदा तरी स्वतः करून पाहावा. तीन चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस पडला. कोकणच्या आषाढात ही काही अघटित गोष्ट नाही. एक चौरस किलोमीटरवरचा एक मिलिमीटर म्हणजे एक हजार घनमीटर. तेव्हा एकूण १ लाख ८० हजार घनमीटर पाणी. त्यातले शेकडा साठ वाहून आले असे धरले तर १ लाख ८ हजार. तासाच्या ३६०० सेकंदांनी भागता सेकंदास ३० घनमीटर. आता त्या व्हाळावर एक मीटर व्यासाच्या तीन सिमेंट पाइपांची मोरी घातली आहे. एका पाइपाचे तोंड पाऊण चौरस मीटरच्या आसपास. पाणी सेकंदास तीन मीटर वेगाने गेले तरी तीन पाइप मिळून जेमतेम सात घनमीटर वाहतील. उरलेले २३ घनमीटर रस्त्यावरून जाणार किंवा रस्ता घेऊन जाणार. त्यात पहिल्याच लोंढ्याबरोबर आलेला पालापाचोळा आणि ओंडके पाइपांत अडकले तर सातही जात नाहीत. दर दोन वर्षांनी वाहून जाणारी मोरी दर दोन वर्षांनी त्याच मापाने बांधणे ही काटकसर नव्हे.

मोठ्या बांधकामांत हिशेब चुकला तर किंमत मोजण्यापलीकडची असते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू नदीवरील दुसरे धरण फुटले आणि मोरवी शहर बुडाले. त्या दिवशी आलेला पूर सांडव्याच्या संकल्पित क्षमतेच्या जवळजवळ तिप्पट होता. १९८५ च्या भारतीय मानकाने लहान धरणांचा सांडवा शंभर वर्षांच्या पुरासाठी आणि मोठ्या धरणांचा सांडवा संभवनीय अशा कमाल पुरासाठी असावा असे ठरविले. तिलारीसारखे मोठे धरण दुसऱ्या वर्गात मोडते. कोकणात २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात गेला, एस. टी. च्या दोन गाड्या आणि त्यांतील माणसे त्या पाण्यात नाहीशी झाली.

महाराष्ट्रात या आकडेमोडीचा सामान्य नागरिकाशी सर्वांत जवळचा संबंध पूररेषेतून येतो. शासनाच्या १९८९ च्या परिपत्रकाने दोन रेषा ठरविल्या. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध. निळ्या व लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित. नकाशावरील ही रेषा कोणाच्या अंगणातून, कोणाच्या दुकानातून जाते आणि जागेची किंमत, कर्ज व बांधकामाची परवानगी एका रात्रीत बदलते. २०२१ नंतर चिपळुणात पूररेषेवरून नागरिकांनी तीव्र हरकती घेतल्या, त्या अनाठायी म्हणता येत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांची बाजारपेठ उचलून नेता येत नाही. पण रेषा सरकवल्याने पाणी सरकत नाही, हेही तितकेच खरे. वर दिलेल्या ६२० ते ११८० च्या उदाहरणावरून ध्यानात येईल की, रेषेच्या अलीकडे कोरडे आणि पलीकडे ओले असा निवाडा हे शास्त्र देतच नाही. प्रशासनाला एक रेषा काढावी लागते म्हणून ती काढली जाते. रेषेबाहेर पाच हातांवर बांधलेल्या घराने स्वतःला सुरक्षित समजू नये, आणि हरकत घेणाऱ्याने 'किती वर्षांच्या नोंदींवरून ही रेषा काढली?' हा प्रश्न अवश्य विचारावा. तो उद्धटपणाचा नाही; उलट त्यावरच चर्चा व्हावयास हवी.

या सर्व पद्धतींचे एक गृहीत आहे : मागे जसे घडले तसेच पुढे घडेल. ते आता डळमळीत झाले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले की, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. जमीनही पूर्वीची राहिलेली नाही. महामार्गाचे भराव, सड्यावरच्या चिरेखाणी, डोंगरउतारावरील तोड, नदीपात्रात साठलेला गाळ यांमुळे तोच पाऊस निराळा पूर आणतो. म्हणून १९९२ च्या आकड्यांवर आज बांधकाम करताना सढळ हाताने जास्त धरणे शहाणपणाचे. जुने आकडे फेकून देणे मात्र नव्हे, कारण बदल मोजावयालाही पूर्वीची मोजणी लागतेच.

येथे गावाचा वाटा येतो, आणि तो मोठा आहे. यंत्राने मोजलेली वर्षे थोडी असली तरी पुराच्या खुणा पुष्कळ असतात. चीनमध्ये यांगत्से नदीवरील महाकाय धरणाच्या संकल्पात १८७० च्या पुराचा विचार झाला. तो पूर काठावरच्या खडकांवर लोकांनी कोरून ठेवलेल्या खुणांमुळे उमगला. पुणे विद्यापीठातील प्रा. विश्वास काळे यांनी नर्मदा व तापी यांच्या काठच्या जुन्या गाळाच्या थरांवरून शेकडो वर्षांपूर्वीचे पूर वाचले. कोकणात देवळाची पायरी, घाटावरचा चिरा, शाळेची भिंत, पुलाचा खांब यांवर पाणी कोठवर आले होते हे सांगणारी माणसे अजून आहेत. एका विश्वसनीय जुन्या खुणेने वीस वर्षांच्या यादीला साठ-सत्तर वर्षांचे बळ येऊ शकते, कारण तेवढ्या काळात याहून मोठे पाणी आले नाही, ही देखील एक नोंदच आहे.

मात्र खूण उपयोगी पडावयाची तर तिच्यासोबत चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात. पहिली तारीख, 'मोठ्या पुराच्या साली' हे पुरेसे नाही. दुसरी, पाणी सर्वांत उंच होते ती वेळ, आणि खाडीकाठी असल्यास त्या वेळची भरती किंवा ओहोटी. तिसरी, ही माहिती कोणी पाहून सांगितली की ऐकून. चौथी, पाणी वाहते होते की तुंबलेले. कारण मोरी ओंडक्यांनी तुंबून चढलेले पाणी आणि नदीने भरून आलेले पाणी यांचे हिशेब वेगळे. खूण रंगाने केली तर दोन पावसाळ्यांत जाते; छिन्नीने आडवी रेघ कोरावी आणि शेजारी वर्ष घालावे. त्याच पुराच्या खुणा नदीकाठी वर-खाली दोन-तीन ठिकाणी मिळाल्या, तर अभियंता त्यांच्या पातळ्यांवरून पाण्याचा उतार आणि पात्राच्या छेदावरून विसर्गही काढू शकतो. ग्रामसेवकाच्या दप्तरात यासाठी एक वही असली आणि शाळेतील एका शिक्षकाने ती भरण्याचे काम पत्करले, तर वेगळ्या योजनेची वा निधीची गरज पडत नाही. मोठा पूर ओसरल्यावर ज्या दिवशी पंचनामे होतात त्याच दिवशी खुणा कोरून घ्याव्यात. चिखल धुतला गेला आणि भिंतींना चुना लागला की पातळीचे भांडण सुरू होते. आणि एखादा जुना साकव किंवा पूल पाडून नवा बांधण्याचे काम निघाले, तर पाडकामाला हात लागण्यापूर्वी जुन्या खांबावरील सगळ्या पूरखुणांच्या पातळ्या मोजणीदाराकडून घेऊन वहीत उतरवाव्यात.